कागदोपत्री मी पोछा आहे

मी एक जुना हिरवा तक्ता आहे. माझ्या उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईचा, बशीएवढा गोल शिक्का आहे आणि त्यात ‘रद्द’ असं लिहिलेलं आहे. कागदोपत्री तर मी तक्ताही नाही, पोछा आहे. पण मित्रांनो, आजपर्यंत मी एकही फरशी पुसलेली नाही आणि यापुढेही पुसणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला माझी कीव येणार नाही. कीव मला खपत नाही.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात झाला. तिथे धुलाईघर होतं. एका बाजूला चादरी उकळायच्या, दुसऱ्या बाजूला मोठ्या टेबलांवर इस्त्र्या फिरायच्या आणि कोपऱ्यात शिलाईवाल्या काकांचं मशीन दिवसभर खडखडायचं. फाटलेल्या चादरी सांधणं, उशांचे अभ्रे शिवणं, आयांच्या एप्रनना खिसे लावणं ही काकांची कामं. ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टर घालतात त्या हिरव्या जाड कापडाचा एक मोठा तुकडा त्यांच्याकडे उरला होता. तो तुकडा म्हणजे मी.

मला जन्माला घालण्याची कल्पना मात्र टेलिफोनवाल्या बाईंची. बाई याच रुग्णालयात अठ्ठावीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डासमोर बसल्या. समोर भोकांच्या रांगा, हातात वायरी. कुणाचा फोन आला की वायरचं टोक वरच्या भोकातून काढायचं आणि खालच्या भोकात खुपसायचं, की इकडचा माणूस तिकडच्या माणसाशी बोलायला लागायचा. मग एक दिवस हे सगळं आपोआप करणारं यंत्र आलं. बाईंना फुलांचा गुच्छ दिला, दोन भाषणं झाली आणि त्या घरी गेल्या. आठ दिवस त्या घरी बसल्या. नवव्या दिवशी परत आल्या आणि थेट तळघरात उतरून म्हणाल्या, “मला फुलं नकोत. एक भिंत द्या.”

त्याचं कारण असं होतं. या रुग्णालयात दूरदूरची, नाना भाषांची माणसं येत. त्यांना आपली भाषा येत नसे आणि आपल्याला त्यांची. दोघांना थोडीफार समजेल अशी भाषा म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी. डॉक्टरांचं निभावून जायचं. पण आया, सफाईवाले, लिफ्टवाले यांच्या तोंडचं पाणी पळायचं. त्यात वरून हुकूम निघाला की ज्याला लोकांसमोर उभं राहायचं आहे त्याला कामापुरतं इंग्रजी बोलता आलंच पाहिजे.

आता इंग्रजी म्हणजे केवढी भाषा! ती चाळीस मिनिटांच्या वर्गात कुठून सुरू करणार? बाईंनी अठ्ठावीस वर्षं फोनवर लोकांचं बोलणं ऐकलं होतं. रुग्णालयात माणूस काय बोलतो हे त्यांना पाठ होतं. कुणी कशाला तरी घाबरलेला असतो, कुणी वाट बघून कंटाळलेला असतो, कुणाला कुणाची तरी काळजी लागलेली असते, कुणी कशासाठी तरी तयार असतो. अफ्रेड ऑफ, टायर्ड ऑफ, वरीड अबाउट, रेडी फॉर. विशेषण आणि त्याच्या शेपटाला चिकटलेलं छोटं अव्यय. आणि त्याच्या आधी काय लावायचं, तर हे नक्की असेल, कदाचित असेल, असू शकेल की असायला हवं, ते सांगणारं सहायक क्रियापद. कॅन, मे, माइट, शुड, मस्ट, वुड. बाई म्हणाल्या, “एवढी जोडणी आली की माणूस खिडकीत बसू शकतो. बाकीचं इंग्रजी मागाहून येईल, नाही आलं तरी काही बिघडत नाही.”

मग त्यांनी खडूने माझ्यावर रेघा मारल्या आणि काकांना म्हणाल्या, “सहाच्या चार रांगा. चोवीस खिसे.”

“चोवीस?” काका म्हणाले. “बाई, एवढे खिसे तर मोठ्या डॉक्टरांच्या कोटालाही नसतात.”

“त्यांना कशाला लागतात? त्यांचं सगळं डोक्यात असतं. आमचं खिशात असू दे.”

काकांनी दोन दिवसांत मला शिवून काढलं. वरच्या रांगेत सहा सहायक क्रियापदं, मधल्या दोन रांगांत बारा विशेषणं, खालच्या रांगेत अव्ययं. शब्दांच्या पट्ट्या एक्स-रेच्या जुन्या पाकिटांतून कापलेल्या, पुढे एक दिसे आणि तिच्यामागे त्याच शब्दाच्या जादा. पण काकांना सवय एप्रनच्या खिशांची. हात मनगटापर्यंत आत जाईल एवढे खोल खिसे त्यांनी लावले आणि पहिल्याच दिवशी सगळ्या पट्ट्या तळाला जाऊन बसल्या. बाईंनी कपाळाला हात लावला नाही. त्यांनी बँडेजच्या घड्या केल्या आणि एकेका खिशाच्या तळाशी कोंबल्या. आजही माझ्या चोवीस खिशांत त्या घड्या आहेत, हात घालून बघा.

वरच्या रांगेच्या खाली, बरोबर मध्यभागी, काकांनी लाल दोऱ्याने ‘बी’, म्हणजे ‘असणं’, हा इंग्रजी शब्द शिवला. काकांना इंग्रजी येत नव्हतं. बाईंनी खडूने काढून दिलं, त्यावर त्यांनी दुहेरी टीप मारली. बाकीचे शब्द रोज बदलतील, हा बदलायचा नाही, म्हणून याला खिसा नाही. वर्गातली मंडळी नेमका हाच शब्द गाळायची. म्हणून बाईंनी नियम केला की वरच्या रांगेतली पट्टी घेतली की त्या लाल ‘बी’वर थाप मारायची, मग विशेषण, मग अव्यय. हात वर, मग छातीशी, मग पोटाशी, मग कमरेशी. माझ्यासमोर शिकलेल्या प्रत्येकाचा उजवा हात बोलताना असाच वरून खाली यायचा, मी समोर नसलो तरी. वॉर्डात एक आया इंग्रजी बोलायला लागली की रुग्णांना वाटायचं, हिला अंगाला खाज सुटली आहे की काय!

दुसरा नियम याहून कडक होता. वाक्य स्वतःबद्दलचं लावायचं, म्हणजे पट्ट्या माझ्या कडेला टाचायच्या आणि उरलेले शब्द खडूने लिहायचे, आणि ते खरं असलं पाहिजे. ज्याने लावलं त्यानेच ते काढायचं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, खुद्द बाईंनीसुद्धा.

दुपारी अडीचला सकाळची पाळी सुटली की इस्त्र्या बंद व्हायच्या आणि अकरा जण टेबलांच्या मधे येऊन उभे राहायचे. पहिल्याच दिवशी एक गंमत झाली, म्हणजे आज मी तिला गंमत म्हणतो. वरच्या रांगेत सहा पट्ट्या असताना अकराच्या अकरा जणांचा हात ‘मस्ट’कडे गेला. बाईंनी विचारलं, “अहो, बाकीच्या पाच आहेत की. हीच का?”

“हीच ऐकलेली आहे,” लिफ्टवाली ताई म्हणाली. “यू मस्ट बी क्विक, यू मस्ट बी क्वाएट. बाकीच्या आम्हाला कुणी म्हटल्या नाहीत कधी.”

 मी तेव्हापासून त्या ताईकडे लक्ष ठेवलं.

ताई चाळिशीची होती. सोळा वर्षं लिफ्टमधल्या स्टुलावर बसून माणसं वर-खाली नेत होती. बोटाने बटण दाबायची सवय इतकी मुरलेली की माझ्यासमोर आली की ती खिसा दाबायची आणि थांबायची, जणू वाक्य आपोआप वर येणार आहे. वर्ग हसायचा. ताईसुद्धा हसायची. पण नव्या लिफ्ट येणार होत्या आणि त्या आपोआप चालणार होत्या. स्टूल जाणार होतं. ताईसाठी एकच जागा उरली होती, ती म्हणजे चौकशीची खिडकी. त्यासाठी तोंडी परीक्षा होती आणि ती देण्याची संधी दोनदाच मिळणार होती. घरी तिची शाळकरी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेले सासरे, दोघेही तिच्या जिवावर. तिने माझ्यावर पहिलं वाक्य लावलं ते असं: आय मस्ट बी अफ्रेड ऑफ सर. मला साहेबांना घाबरलंच पाहिजे.

“घाबरलंच पाहिजे?” बाईंनी विचारलं.

“हुकूमच आहे तो, बाई.”

“वाक्य बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “पण ते इथे कायमचं राहता कामा नये. काढायचं तूच, जेव्हा खोटं होईल तेव्हा.”

ते वाक्य माझ्यावर कित्येक आठवडे राहिलं.

आता साहेबांबद्दल सांगतो. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे ते प्रमुख. परीक्षा तेच घेणार होते. एके दुपारी ते तळघरात उतरले, नाकाला रुमाल लावून, कारण धुलाईघरात वाफेबरोबर इतरही वास असतात. त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि ताईचं वाक्य वाचलं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी मात्र मान डोलावली. “छान. शिस्त दिसते,” ते म्हणाले. मित्रांनो, मी कापड आहे म्हणून बरं, नाहीतर माझं हसू सगळ्या इमारतीत ऐकू गेलं असतं.

पण माझं हसू तिथेच संपलं. साहेबांनी एका आयाला बोलायला सांगितलं. तिचा हात उठला, छातीशी आला, पोटाशी, कमरेशी. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “ही काय कवायत? सभ्य माणसं हात न हलवता बोलतात. परीक्षेत हात खाली राहिले पाहिजेत. सगळ्यांचे.” आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हे लहान मुलांचं खेळणं आहे.”

मला एवढा राग आला होता की त्या दिवशी माझ्या खिशातल्या पट्ट्या सरळ उभ्याच राहत नव्हत्या. काका म्हणाले की ओल धरली असेल. ओल नव्हती.

पुढचा महिनाभर वर्ग हात मागे बांधून बोलला. बाईंनीच सांगितलं तसं. परीक्षा त्यांच्या हातात आहे, म्हणाल्या, आपलं काम निघालं म्हणजे झालं. मला ते पटलं नव्हतं, पण मला विचारतो कोण? पहिल्या परीक्षेला ताई गेली आणि पंधरा मिनिटांत परत आली. ती इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहिली.

“एक शब्द आला नाही,” ती म्हणाली. “सगळं येत होतं, बाई. हात मागे बांधले आणि सगळं कुठे गेलं कळलंच नाही. साहेब म्हणाले, ‘लिफ्टच बरी होती तुम्हाला.’ मी हो म्हणाले. त्यांना मी हो म्हणाले!”

तिला रडू फुटलं. मग बाई जे बोलल्या ते मी जन्मभर विसरणार नाही. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “अठ्ठावीस वर्षं मी हाताने बोलणी जोडली. माझा हात बंद केला असता तर मीही मुकी झाले असते. हे मला कळायला हवं होतं आणि मी तुम्हाला हात बांधायला सांगितले. आता नाही. आता हात वर करूनच बोलायचं. नापास झालीस तरी हात वर करून नापास हो.”

दुसरी परीक्षा तीन आठवड्यांनी होती. ताई रोज वर्गानंतरही थांबायची. काका मशीन बंद करून खुर्चीवर बसायचे आणि रुग्णाचं सोंग करायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ओरडता छान यायचं. ते तावातावाने काहीतरी ओरडायचे आणि ताई त्यांना उत्तर द्यायची. हळूहळू तिचा हात ‘मस्ट’ सोडून बाकीच्या खिशांकडे जायला लागला. एक दिवस तिने खिसा दाबला नाही, सरळ पट्टी उपसली. ते तिच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

परीक्षेच्या दिवशी काकांनी मला खिळ्यावरून काढलं, घडी घातली आणि ताईच्या पिशवीत डब्याखाली ठेवलं. “जवळ असू दे,” ते म्हणाले. बाहेरच्या बाकावर साहेबांच्या शिपायाने पिशवी उघडायला लावली. मला बघून तो म्हणाला, “हे आत चालणार नाही.” ताईने मला बाहेर काढलं, झटकलं आणि दाराबाहेरच्या खुंटीवर टांगलं. दार नीट लागत नव्हतं. फटीतून मला अर्धं टेबल, साहेबांचा एक खांदा, शेजारी बसलेल्या मोठ्या सिस्टर आणि पाठमोरी ताई दिसत होती.

साहेब म्हणाले, “खिडकीसमोर एक वयस्कर गृहस्थ ओरडताहेत. त्यांच्या बायकोला वर तपासणीला नेलंय. दोन तास झाले, कुणी काही सांगत नाही. त्यांच्याशी बोला. इंग्रजीत.”

ताईने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. मग तिचा उजवा हात हळूहळू वर गेला.

“हात खाली,” साहेब म्हणाले.

हात खाली आला नाही. तो तिथेच, कानाच्या उंचीवर राहिला.  ताई आपल्या भाषेत म्हणाली, “साहेब, हात खाली घेतला की माझं तोंड बंद पडतं. तुम्हाला हात बघायचाय की बोलणं ऐकायचंय?”

 मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “मला ऐकायचंय. बोल गं.”

ताईचा हात हवेतल्या खिशात गेला. यू मस्ट बी वरीड अबाउट हर. तुम्हाला त्यांची काळजी लागली असणारच. मित्रांनो, ज्या ‘मस्ट’चा तिने जन्मभर हुकूम म्हणून धसका घेतला होता, तोच शब्द तिने दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला वापरला. मी खुंटीवर सरळ ताठ झालो. हात पुन्हा वर गेला. यू मे बी अँग्री विथ अस. खुशाल रागवा आमच्यावर. आणि तिसऱ्यांदा: बट यू कॅन बी शुअर ऑफ मी. पण माझा भरवसा धरा.

ती समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघून बोलत होती. भिंत कोरी होती असं साहेबांना वाटलं असेल. तिथे मी होतो.

ताई पास झाली. साहेबांनी सही केली, पण मान वर करून बघितलं नाही. तळघरात आल्यावर तिने कुणाशी काही न बोलता मला खिळ्यावर टांगलं आणि आपलं जुनं वाक्य, आय मस्ट बी अफ्रेड ऑफ सर, एक एक पट्टी करून काढलं. काकांनी मशीनवर ताल धरला. बाईंनी चष्मा पुसला, दोनदा.

त्यानंतरची वर्षं माझी होती, हे मी न लाजता सांगतो. अकराचे तीस झाले. शेजारच्या रुग्णालयांतूनही माणसं यायला लागली. एक पाहुणे डॉक्टर मला बघून म्हणाले की असा तक्ता त्यांच्या देशातही हवा. माझे फोटो निघाले. माझी छाती, म्हणजे लाल ‘बी’ जिथे आहे ती जागा, थापा खाऊन खाऊन गुळगुळीत झाली. काकांनी तिच्यावर तीनदा नवी टीप मारली. बाईंचे केस पांढरे झाले, मग गुडघे कुरकुरायला लागले, मग तळघराचा जिना त्यांना जड झाला. शेवटच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “भिंत सोडू नकोस.” हे वाक्य माझ्यासाठी होतं. दुसरं कुणी तिथे नव्हतं.

भिंत मी सोडली नाही, माझ्याकडून ती काढून घेतली. वरच्या मजल्यावर प्रशिक्षणाची नवी खोली झाली आणि तिथे काचेचा मोठा पडदा आला. त्याच्यावर शब्द आपोआप यायचे, आपोआप जायचे. पडद्याशी माझं भांडण नाही. त्याचं काम तो करत असेल. पण त्याच्यासमोर माणसं खुर्चीत बसून, हाताची घडी घालून बघतात. त्याला कुणी थाप मारत नाही, मारली तर शिपाई ओरडतो. मला खिळ्यावरून काढून चादरींच्या गठ्ठ्यावर टाकलं. माझ्या वरच्या खिशांत कुणी कात्र्या ठेवल्या, खालच्या खिशांत कुणी भिजलेले मोजे. ‘शुअर’च्या खिशात दोन वर्षं साबणाची वडी होती. मी मूग गिळून गप्प बसलो असं वाटत असेल तर चूक आहे. साबण ठेवायला आलेल्या प्रत्येक हाताला मी बँडेजच्या घडीत अडकवून ठेवायचा प्रयत्न केला.

मग साहेबांचा हुकूम आला. साहेब आता फार मोठे झाले होते. तळघरातलं सगळं जुनं कापड निकालात काढायचं, म्हणजे त्यावर ‘रद्द’चा शिक्का मारायचा, फाडून हातभर तुकडे करायचे आणि फरशी पुसायला वाटायचे. शिक्क्याखाली साहेबांची सही हवी. माझ्यावर ती आहे, अजून वाचता येते. फाडण्याचं काम कुणाचं? शिलाईवाल्या काकांचं.

काकांनी मला टेबलावर पसरलं. कात्री हातात घेतली. लाल ‘बी’वर बोट फिरवलं. काकांचे हात आता कापायला लागले होते, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण आपली टीप बोटाला कळते. त्यांनी कात्री खाली ठेवली.

“बाकी सगळं फाडतो,” ते धुलाईघराच्या मुकादमाला म्हणाले. “हे नाही. हे मी शिवलंय.”

“काका, शिक्का बसलाय. वरून विचारतील. तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आलीय, कशाला वाद घालता?”

“मग चार महिने वाद घालीन.”

आणि त्यांनी भिंतीवरच्या फोनवरून चौकशीच्या खिडकीला फोन लावला.

ताई पाच मिनिटांत खाली आली. आता ती खिडकीची प्रमुख होती, केसांत पांढऱ्या बटा होत्या. तिने मला बघितलं, शिक्का बघितला, ‘शुअर’च्या खिशातली साबणाची वडी काढून मुकादमाच्या हातात दिली.

“रद्द कापडाचा पोछा होतो ना?” तिने विचारलं.

“होतो.”

“प्रत्येक विभागाला मिळतो?”

“मागितला तर मिळतो.”

“मग माझ्या खिडकीला पोछा हवाय. हाच द्या. फाडू नका, माझी खिडकी मोठी आहे.”

 मुकादमाने मान खाली घालून मला ‘पोछा, एक’ म्हणून तिच्या हवाली केलं. त्याचेही ओठ हसत होते.

तेव्हापासून मी चौकशीच्या खिडकीत, ताईच्या पाठीमागच्या भिंतीवर आहे. वाट बघणारे लोक मला वाचतात, मुलं माझे खिसे उचकतात. नव्याने लागलेल्या दोन मुली दुपारी गर्दी ओसरली की माझ्यासमोर हात वर करतात. ताई रोज सकाळी एकच वाक्य लावते: यू कॅन बी शुअर ऑफ मी. संध्याकाळी तीच ते काढते. नियम म्हणजे नियम.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. खिडकीसमोर एक वयस्कर गृहस्थ उभे होते आणि ओरडत होते. “दोन तास झाले! कुणी काही सांगत नाही! माझी बायको वर आहे आणि मला इथे बाकावर बसवलंय! मी या रुग्णालयात कोण होतो माहीत आहे का?”

मला माहीत होतं. ताईलाही. साहेब वाळले होते, सदऱ्याच्या गुंड्या चुकीच्या काजांत लावल्या होत्या आणि ओरडताना त्यांची हनुवटी लटपटत होती. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं. वाटलं, म्हण आता त्यांना, की लिफ्टच बरी होती. म्हण!

ताई उठून उभी राहिली. इंग्रजीची गरजच नव्हती, ती आपल्याच भाषेत बोलली. पण तिचा उजवा हात आपणहून उठला, कानाच्या उंचीवर गेला, मग छातीशी आला.

“काळजी लागली असणारच तुम्हाला त्यांची,” ती म्हणाली. “रागवा आमच्यावर, रागवायचं तर. पण साहेब, मी आहे ना इथे. मी बघते.”

साहेबांचं ओरडणं मध्येच तुटलं. ते तिच्या हाताकडे बघत होते. मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून माझ्यावर आली. त्यांनी वाक्य वाचलं. शिक्का वाचला. शिक्क्याखालची सही वाचली.

ताईने वर फोन केला, दोन मिनिटं बोलली, फोन ठेवला. “तपासणी व्हायचीच आहे अजून. मशीनला घाबरल्यात त्या, आत जायला तयार नाहीत. तुम्ही जवळ बसलात तर जातील. चला, मी घेऊन जाते तुम्हाला.” आणि ती त्यांचा दंड धरून लिफ्टपाशी गेली. ती लिफ्ट आपोआप चालते, तरी बटण ताईनेच दाबलं.

संध्याकाळी ते परत खिडकीशी आले. बायको बरी होती, झोपली होती. त्यांनी माफी मागितली नाही. मला ती नको होती असं मी म्हणणार होतो, पण हवी होती, थोडीशी. मग निघता निघता ते म्हणाले, “तो हात. अजून तसाच?”

“अजून तसाच, साहेब,” ताई म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. माझं मी बघून घेईन, आणि काकांची टीप पक्की आहे. मला वेगळंच सांगायचं आहे. बाईंना यंत्राने घरी पाठवलं, ताईचं स्टूल यंत्राने नेलं, माझी भिंत पडद्याने घेतली. तुमच्यावरही कधीतरी कुणीतरी शिक्का मारेल, सही ठोकेल आणि म्हणेल की आता तुमची गरज नाही. शिक्का पुसत बसू नका. माझा मी पुसलेला नाही. तो अंगावर ठेवून आपलं काम करत राहा. आणि तुमच्या आसपास कुणी अडखळत, हात हलवत, जमेल तसं बोलत असेल, तर त्याला जपा. त्याचा हात धरून खाली ओढू नका.

आता या जवळ. माझे खिसे उघडे आहेत. वरच्या रांगेत सहा पट्ट्या आहेत, नुसत्या ‘मस्ट’कडे धावू नका. तुमचं पहिलं वाक्य लावा. चुकलं तरी चालेल, खरं असू द्या. आणि लावताना हात चांगला वर करा, साहेब बघत असले तरी.